दिव्यांगांसाठी व्यायामाचा व्हिडिओ गेम: पहिल्या भेटीपासून घरी खेळायला देईपर्यंत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट, हॅकेथॉन, एखाद्या शाळेसाठी हौसेने केलेलं काम, अशा निमित्ताने दिव्यांगांसाठी व्यायामाचे गेम आता बरेच जण बनवतात. सादरीकरणाच्या दिवशी टाळ्या पडतात आणि महिन्याभरात ते यंत्र कपाटावर जाऊन बसतं. गेली काही वर्षं मी फिजिओथेरपिस्टांच्या बरोबरीने हे काम करते आहे, आणि चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते: गेम आधी तयार होतो, खेळणारा नंतर शोधला जातो. मग धावण्या-उडी मारण्याचा गेम थोडा सोपा करून त्याच्यापुढे ठेवतात. त्याला तो जमत तरी नाही, नाहीतर इतका सहज जमतो की घामसुद्धा येत नाही.

खाली दिलेला क्रम मोडू नका. कोड लिहायला पाचव्या टप्प्यावर सुरुवात करायची आहे, त्याआधी नाही. चार जण लागतील: खेळणारी व्यक्ती, घरातलं कोणीतरी, प्रोग्रॅमर आणि फिजिओ. फिजिओ मिळाला नसेल तर मिळेपर्यंत थांबा.

## टप्पा १: निदान बाजूला ठेवून एक माणूस समोर घ्या

‘आमचा गेम सीपीच्या मुलांसाठी आहे’ असं ठरवून सुरुवात केली की पुढचा घोटाळा ठरलेला. सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं. अशा मुलांच्या हालचालींची क्षमता पाच पातळ्यांत मोजतात. पहिल्या पातळीवरचं मूल जिने चढतं, पळतं. पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान सावरायलाही आधार लागतो. निदान एकच, पण दोघांचा गेम एक असूच शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली २१ प्रकारांची यादी प्रमाणपत्रासाठी ठीक आहे, गेमचा आराखडा त्यावरून काढू नका.

पहिली भेट तासाभराची ठेवा आणि लॅपटॉप बॅगेतून काढू नका. प्रश्न थेट खेळणाऱ्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, आईकडे बघू नका. तिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नका, ‘तुम्ही’च म्हणा. तुम्ही त्याच्याशी कसं बोलता यावर तो तुम्हाला खरं काय सांगेल ते ठरतं.

वहीत एवढं उतरवून घ्या:

- मदतीशिवाय आणि न दुखता कोणती हालचाल सलग २० वेळा करता येते?
- डाव्या आणि उजव्या बाजूत किती फरक आहे?
- थकवा किती वेळाने येतो आणि आला की काय दिसतं? कोणाची मान कलते, कोणाचा हात घसरतो, कोणाचं बोलणं अस्पष्ट होतं.
- स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर ते कधी घेतात, आणि दिवसातली कुठली वेळ बरी जाते?
- दिसणं, ऐकू येणं, सूचना समजणं. हे तिन्ही वेगवेगळं विचारा. सीपीच्या बऱ्याच मुलांना नजरेचाही त्रास असतो आणि घरच्यांना तो सांगावासा वाटत नाही.
- आवडतं काय? क्रिकेट, ढोल-ताशा, एसटी, मासे पकडणं, काहीही असो. हे कामाला येणार आहे.

सावधान. फिजिओकडून ‘हे करायचं नाही’ अशी यादी लेखी घ्या. काही गोष्टी तिथे हमखास विचारा. पाठीच्या मणक्याची इजा टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्याच्या वर असेल तर रक्तदाब अचानक धोकादायक वाढण्याची शक्यता असते; डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटणं ही त्याची लक्षणं. असं झालं तर खेळ तिथेच बंद करा, सरळ बसवा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का बघा आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेला झटका बसेल अशी हालचाल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अर्धांगवायूनंतर कमजोर झालेल्या खांद्याला ओढ बसता कामा नये. ड्यूशेन प्रकारच्या स्नायूंच्या आजारात ‘थकेपर्यंत खेळ’ ही कल्पनाच घातक आहे. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, सुटण्याचा धोका असलेल्यांना उड्या आणि हिसके वर्ज्य. फिट येत असेल तर तेही आधी कळलं पाहिजे.

## टप्पा २: एकच हालचाल ठरवा

आता गेम कसला याचा विचार अजून मनात आणू नका. व्यायाम कसला, एवढंच ठरवा. दम वाढवायचा आहे, ताकद वाढवायची आहे, की तोल? तिन्ही एकदम होत नाहीत. दम वाढवायचा असेल तर ताब्यात असलेले जास्तीत जास्त मोठे स्नायू कामाला लागले पाहिजेत. पाय चालत असतील तर पॅडल, नसतील तर दोन्ही हात, आणि जमत असेल तर सोबत कमरेवरचा भाग. नुसत्या बोटांनी दम वाढत नाही.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या बाबतीत एक चूक फार होते. हात पुढे ढकलण्याची, ठोसे मारण्याची हालचाल निवडली जाते, कारण कॅमेऱ्याला ती छान दिसते. पण हा माणूस दिवसभर चाकं पुढेच ढकलत असतो. त्याच्या खांद्याचा पुढचा भाग आधीच राबून थकलेला असतो आणि खांदेदुखी या मंडळींना सर्रास असते. म्हणून मागे खेचण्याची हालचाल घ्या: वल्हवणं, दोरी ओढणं, विहिरीवरून पोहरा शेंदणं. हात डोक्याच्या वर नेऊन वारंवार करायची हालचाल शक्यतो टाळा.

तपासा. ठरवलेली हालचाल तुम्ही स्वतः खुर्चीत बसून, पाय न हलवता पाच मिनिटं करा. कुठे ताण येतो ते कळेल. मग फिजिओसमोर खेळणाऱ्याला २० वेळा करू द्या. शेवटच्या पाच वेळा पहिल्या पाचसारख्या दिसत नसतील तर हालचाल बदला किंवा तिचा पल्ला कमी करा.

## टप्पा ३: गेम नसताना व्यायामाची मात्रा ठरवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि नंतर पस्तावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांत दिव्यांगांचा वेगळा विचार केला आहे. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं. हा पल्ला शेवटचा आहे. ज्याने वर्षानुवर्षं व्यायामच केलेला नाही त्याची सुरुवात दहा मिनिटांनी होते, तीही सलग नाही.

मोबाईलवर मेट्रोनोमचं फुकट ॲप टाका. टिकटिक चालू करा आणि प्रत्येक ठोक्याला एक हालचाल करायला सांगा. एक मिनिट हालचाल, अर्धा मिनिट विश्रांती, असे सहा फेरे. ठोका कमी-जास्त करत जा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम लागला की तो मध्यम व्यायाम. तो वेग वहीत लिहा. उदाहरणार्थ, मिनिटाला ४० हालचाली. तुमच्या गेमचा पाया हाच आकडा आहे.

बोलण्यात अडचण असेल तर ही कसोटी चालत नाही. ० ते १० अशी श्रमाची मोजपट्टी जाड कागदावर काढा, शेजारी चेहरे काढा आणि बोटाने, नजरेने, जसं जमेल तसं दाखवू द्या. ही पट्टी पहिल्या दिवशी कोणी नीट वापरत नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत सवय होते.

सावधान. नाडीचे कमाल ठोके काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र वापरून नाडीच्या ठोक्यांवर गेमची काठिण्यपातळी बांधू नका. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर कितीही श्रम केले तरी ठोके तेवढे वाढत नाहीत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद करणारं औषध, घेणाऱ्यांचंही तसंच. पडद्यावर ‘आणखी जोर लावा’ येत राहील आणि माणूस कधीच दमलेला असेल.

## टप्पा ४: हालचालीला शोभेल असा सेन्सर निवडा

हालचाल आधी, सेन्सर नंतर. घरात कॅमेरा पडून आहे म्हणून कॅमेऱ्याचा गेम, असं करू नका.

साध्या वेबकॅमवर चालणारं मीडियापाईप हे सॉफ्टवेअर शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं आणि उभ्या माणसावर बरं काम करतं. पण व्हीलचेअरचे हात आणि पाठ कंबर झाकतात, मांड्यांचे बिंदू भरकटतात, आणि मागे आधाराला उभ्या असलेल्या बाईचा हात खेळणाऱ्याचाच समजला जातो. आमच्या एका चाचणीत मुलाचा स्कोअर भराभर वाढत होता आणि आम्ही खूश होतो. तो वाढत होता मागून त्याचं डोकं सावरणाऱ्या आईच्या कोपरामुळे. कॅमेरा वापरायचाच असेल तर फक्त कमरेवरचे बिंदू घ्या, चौकटीत एकच माणूस राहील अशी सोय करा आणि खिडकी खेळणाऱ्याच्या मागे येऊ देऊ नका.

माझा कल साध्या उपायांकडे आहे.

हातासाठी: दंडाच्या पट्ट्यात जुना मोबाईल. त्यातला हालचाल मोजणारा सेन्सर पुरेसा असतो. मूठ वळत नसेल तर हातात काही धरायला देऊच नका, वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा. पट्टा घामाने घसरतो, म्हणून आतून सुती कापड लावा, आणि जिथे संवेदना नाही तिथली कातडी खेळानंतर रोज बघा.

पायासाठी: बैठ्या पॅडलला लोहचुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की लागणारा छोटा स्विच), आणि आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. हा बोर्ड संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो, त्यामुळे संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

बटणांसाठी: मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला साडेतीन मिलिमीटरची १९ छिद्रं आहेत. त्यात हनुवटीचं, गुडघ्याचं, कोपराचं, कुठलंही बटण लावता येतं. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ चा. परवडत नसेल तर डोअरबेलचं मोठं बटण आणि तोच आर्डुइनो.

तपासा. सेन्सर लावून, गेम न लावता पडद्यावर फक्त एक पट्टी हलू द्या. हालचाल आणि पट्टी यांत डोळ्याला कळेल एवढा उशीर असेल तर पुढे जाऊ नका. अंध खेळाडूसाठी ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन नकोच. आवाज मागाहून पोचतो आणि चेंडू निघून गेलेला असतो. वायरचाच स्पीकर घ्या.

## टप्पा ५: कॅलिब्रेशन. इथे सर्वात जास्त वेळ द्या

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचं मोजमाप त्या माणसाच्या त्या दिवशीच्या हालचालीशी जुळवून घेणं. आता कोड. पण गेमचा नाही, मोजमापाचा.

दर खेळाच्या सुरुवातीला खेळणाऱ्याला तीन-चार वेळा सहज जमेल एवढी हालचाल करू द्या. ‘जास्तीत जास्त वर’ असं सांगू नका. तसं सांगितलं की माणूस दात-ओठ खाऊन हात उचलतो आणि पुढची दहा मिनिटं त्याला त्याच उंचीला पोचावं लागतं. आलेल्या आकड्यांतला मधला घ्या. समजा हात बाजूला ८० अंशांपर्यंत सहज उचलला जातो. त्याच्या ६० टक्क्यांवर, म्हणजे ४८ अंशांवर, एक हालचाल मोजा. पण पुढची मोजण्याआधी हात ३० टक्क्यांच्या, म्हणजे २४ अंशांच्या, खाली आला पाहिजे. दोन वेगळ्या रेघा ठेवल्या की थरथरीमुळे एकाच उंचीवर चार-पाच वेळा मोजलं जात नाही. हे टक्के माझ्या अनुभवातले आहेत. फिजिओबरोबर बदलून बघा.

डाव्या आणि उजव्या बाजूचं कॅलिब्रेशन वेगळं ठेवा. कालचे आकडे आज वापरू नका. थंडीच्या सकाळी कडक झालेला हात आणि दुपारी औषधानंतरचा हात हे दोन वेगळे हात आहेत.

पॅडलची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती आम्ही शिकलो ती एका बारा वर्षांच्या मुलाकडून. गेममध्ये होडी होती, पॅडल मारलं की पुढे जाणारी. तो नेटाने पॅडल मारत होता आणि होडी दर फेऱ्याला थबकत होती. त्याने पाय थांबवले आणि विचारलं, “माझं चुकतंय का?” मी खाली वाकून त्याच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय वर आला की क्षणभर अडकायचा, मग डाव्या पायाचा जोर मिळाला की सुटायचा. त्याचं पॅडल असंच फिरतं. आमचा कोड त्या अडकण्याला थांबणं समजत होता. पॅडलला चुंबक एकच होता. मिनिटाला ४० फेरे म्हणजे दीड सेकंदाला एक खूण, आणि तेवढ्यात खंड पडला की वेग शून्य. आम्ही चार चुंबक लावले आणि वेग मागच्या तीन सेकंदांच्या सरासरीवर काढला. होडी सलग चालू लागली. त्याचा पाय होता तसाच राहिला.

उलटी बाजूही आहे. नुसतं मनगट झटकून स्कोअर मिळत असेल तर आठवड्याभरात प्रत्येक जण ते शोधून काढतो. खेळणाऱ्याला बोल लावू नका, मोजण्याची जागा बदला: सेन्सर मनगटावरून दंडावर आणा. अर्धांगवायू झालेले लोक हाताऐवजी सगळी कंबर पुढे झुकवून लक्ष्य गाठतात. तिथे छातीवर दुसरा सेन्सर लावा आणि छाती फार पुढे गेली तर ती हालचाल मोजू नका.

तपासा. तीन वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी २० हालचाली करवून घ्या. एकाने हाताने मोजायचं, एकाने यंत्राचा आकडा बघायचा. दोनापेक्षा जास्त फरक पडला तर टप्पा ६ ला हात लावू नका.

## टप्पा ६: गेमचे नियम

आता तुम्हाला एक हालचाल, एक वेग आणि भरवशाचं मोजमाप मिळालं आहे. यावर खेळ रचा.

इथला मोठा गैरसमज म्हणजे दिव्यांगांसाठी म्हणून गेम संथ करायचा. कॅनडातल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत सीपीच्या मुलांसाठी ‘लिबेरी’ नावाचा पॅडलवरचा गेम तयार झाला. मुलांना वेगवान, धावपळीचेच गेम हवे होते. तिथे वेग राहू दिला आणि अडचणीच्या गोष्टी काढल्या: अचूक नेम, बारीक जागेत उभं राहणं, एकाच वेळी अनेक बटणं, एका चुकीची मोठी शिक्षा. हा धडा आपण उचलायला हवा.

रचना अशी ठेवा: मोठी हालचाल म्हणजे वेग, एक बटण म्हणजे कृती. तिसरं काही नको. नेम गेमने लावावा, केव्हा सोडायचं ते खेळणाऱ्याने ठरवावं. दरीत पडून सगळं पहिल्यापासून, हा प्रकार पूर्ण काढा. हात थांबला तर होडी हळू होते, बुडत नाही.

टप्पा ३ मधली विश्रांती खेळाच्या आतच बसवा. ‘आता ३० सेकंद थांबा’ असं पडद्यावर लिहून आलं तर माणूस थांबत नाही, चिडतो. होडी धक्क्याला लागते, माल उतरतो, मासे मोजले जातात, तेवढ्यात अर्धा मिनिट होतो. मणक्याची इजा असलेल्यांना त्वचेवरचा दाब घालवायला दर १५ ते ३० मिनिटांनी बसल्या जागी अंग उचलावं किंवा कलवावं लागतं. त्याचीही जागा खेळात ठेवा.

दोघांनी खेळायचं असेल तर गुण स्वतःच्या आकड्याच्या तुलनेत द्या. मुलाचा ठरलेला वेग ४० आणि बाबांचा ७० असेल तर ३६ वर असलेला मुलगा ९० टक्क्यांवर आहे. बाबा ५६ वर म्हणजे ८० टक्क्यांवर. मुलगा पुढे. हे हरवून घेणं नाही, बाबांनाही खरंच घाम गाळावा लागतो. घरातली मंडळी अशा गेमला स्वतःहून बसतात, आणि एकट्याने खेळायच्या गेमपेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

सावधान. वयाला शोभेल असं चित्र ठेवा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या पंचविशीच्या तरुणापुढे टोपी घातलेला ससा ठेवू नका. सूचना सोप्या हव्यात, चित्र बाळबोध नको. त्याला क्रिकेट आवडतं हे पहिल्या टप्प्यात लिहून घेतलंय ना? तेच वापरा.

## टप्पा ७: दिसणं, ऐकू येणं, कळणं

अंध खेळाडूंसाठी अमेरिकेत नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या संशोधकांनी व्हीआय टेनिस आणि व्हीआय बोलिंग हे गेम केले. टेनिसमध्ये चेंडू केव्हा टोलवायचा ते आवाज आणि हातातल्या रिमोटच्या थरथरीवरून कळतं. बोलिंगमध्ये योग्य दिशा थरथर सांगते. दोन्हींत पडद्याची गरज नाही.

आपल्याकडे असा गेम करताना पहिली चूक बोललेल्या सूचनांची. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ दोन्ही लांब शब्द, शेवट सारखा. शब्द संपेपर्यंत चेंडू गेलेला असतो. शब्द फक्त शिकवताना वापरा. खेळात डाव्या कानाला टाळ, उजव्या कानाला ढोलकीची थाप, असे दोन दूरचे आवाज घ्या. एका आवाजाला एकच काम द्या. साध्या दोन स्पीकरवर पुढून की मागून हे कळत नाही, त्यामुळे गेम डाव्या-उजव्यावरच चालवा. आणि मागे गाणं लावू नका. अंध खेळाडूसाठी तो पडद्यावरचा धूर आहे.

कर्णबधिर खेळाडूसाठी प्रत्येक महत्त्वाच्या आवाजाला दिसणारी किंवा जाणवणारी जोड हवी. सूचनांचा लांब मराठी मजकूर पुरत नाही, कारण अनेकांची पहिली भाषा खुणांची आहे. भारतीय सांकेतिक भाषेतला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका.

नजर कमी असेल तर मोठी आकृती, सपाट पार्श्वभूमी. लाल-हिरव्यावर फरक अवलंबून ठेवू नका. पडद्यावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लखलखता कामा नये, जिंकल्यावरच्या फटाक्यांतसुद्धा. फिटच्या भीतीने हा नियम सर्वांसाठी पाळा.

## टप्पा ८: खोली आणि बैठक

थोडक्यात, पण दर वेळी. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लागले आहेत. खुर्चीला मागे न उलटण्याची चाकं असतील तर ती खाली आहेत. हात पसरून फिरवले तर कपाट, टीपॉय, भिंत लागत नाही. अंध खेळाडूच्या पायाखाली रबरी चटईची कड ठेवा, म्हणजे आपण जागेवरून सरकलो ते पावलांना कळतं. पंखा चालू, पाणी जवळ. मणक्याची इजा असलेल्याला इजेच्या खाली घाम कमी येतो किंवा येतच नाही आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात उष्णतेने लक्षणं वाढतात, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी खेळ नको.

थांबवण्याचं बटण खेळणाऱ्याच्या स्वतःच्या आवाक्यात हवं. मदतनिसाच्या हातातलं बटण हे थांबवण्याचं बटण धरू नका.

## टप्पा ९: चाचणी

एकाच व्यक्तीबरोबर वेगवेगळ्या दिवशी निदान तीन वेळा. पहिल्या दिवशी नवलाई असते, दुसऱ्या दिवशी खरं कळू लागतं. चाचणीत पडद्याकडे बघू नका, तो तुम्ही बनवलाय. खांदे बघा, चेहरा बघा, श्वास बघा.

स्टॉपवॉच लावा आणि दहा मिनिटांत शरीर खरोखर किती मिनिटं हललं ते मोजा. आमच्या पहिल्या गेममध्ये ते जेमतेम चार मिनिटं भरलं. उरलेला वेळ मेनू, नाव लिहिणं आणि अभिनंदनाच्या ॲनिमेशनने खाल्ला. विश्रांती धरून ठरवलेल्या फेऱ्यांत जे बसतं त्यापेक्षा हालचाल कमी भरली, तर मेनू काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. एकच प्रश्न: “आज कुठे दुखतंय?” स्नायू भरून आले असतील तर ठीक. सांधा दुखत असेल, खुर्चीतून पलंगावर जाताना खांदा धरत असेल, तर टप्पा २ वर परत जा. गेमचा वेग कमी करून तो प्रश्न सुटत नाही.

‘छान आहे, आवडलं’ हे उत्तर धरू नका. आपल्याकडे लोक भिडेखातर तेच म्हणतात. त्याऐवजी खेळ संपल्यावर काही न बोलता दोन मिनिटं बसा आणि ते स्वतःहून पुन्हा सुरू करतात का ते बघा.

## टप्पा १०: घरी देताना

तुम्ही नसताना गेम सुरू होतो का, हीच इथली परीक्षा. वीज आली, एक बटण दाबलं, कॅलिब्रेशन सुरू: यापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. मध्येच वीज गेली तर कालपर्यंतची नोंद पुसली जाता कामा नये, म्हणून प्रत्येक फेऱ्यानंतर ती साठवा. नोंदी त्याच यंत्रात ठेवा. बाहेर पाठवायच्या असतील तर खेळणाऱ्याला समजेल अशा भाषेत विचारून, होकार मिळाल्यावर.

जाड कागदावर मोठ्या अक्षरात, चित्रांसह एक पान द्या: पट्टा कुठे बांधायचा, खेळ केव्हा थांबवायचा, कोणाला फोन करायचा. अंध व्यक्तीसाठी हेच ध्वनिमुद्रित करून द्या. सुटे चुंबक, एक जादा पट्टा आणि जादा वायर पिशवीत घाला. दोनशे रुपयांच्या वायरीसाठी महिनाभर बंद पडलेला गेम मी बघितला आहे.

पहिले चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सुरुवात दहा मिनिटांनी. दर आठवड्याला एक फेरा (मिनिटभर हालचाल आणि अर्धा मिनिट विश्रांती) वाढवा, वेग वाढवू नका. चार आठवड्यांनी फिजिओला घेऊन घरी जा आणि मेट्रोनोमची टप्पा ३ मधली चाचणी पुन्हा करा. त्याच श्रमात मिनिटाला ४० ऐवजी ४६ हालचाली होत असतील तर गेममधला आकडा बदला. आकडा जागचा हलला नसेल तर आधी नोंदी उघडा आणि खेळ किती दिवस झाला ते मोजा. तीन दिवसांऐवजी एकच दिवस झाला असेल, तर का झाला नाही हे खेळणाऱ्याशेजारी बसून विचारा. बहुतेकदा उत्तर असं असतं की पॅडल पलंगाखाली ठेवतात आणि ते काढून द्यायला दुपारी घरात कोणी नसतं.